डावं फूल

आमच्या घराचं मागचं दार उघडलं की समोर खाडीचा बांध, आणि बांधापलीकडे मिठागर. मिठागर म्हणायचं ते आपलं सवयीनं. पलीकडच्या शेतांवर कंटेनरचं यार्ड झालं, भराव पडला, भरतीचं पाणी आत यायची वाट बुजली आणि मीठ पिकायचं थांबलं. आता तिथं भेगा पडलेले चौकोनी वाफे आहेत, कडेनं तिवरं माजलीत, आणि भर बाराच्या उन्हात त्या सगळ्यावर असा पांढरा उजेड पडतो की डोळे आपोआप मिटतात. अंधाराची भीती मला कधी वाटली नाही. अंधार पडला की उरणच्या रस्त्यानं ट्रेलर जात असतात, यार्डातले दिवे जळत असतात, कुणी ना कुणी जागं असतं. मी घाबरले ती दुपारला, आणि तेही वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी.

घाबरणारी बाई मी नव्हे, हे गावात कुणालाही विचारा. चौतीस वर्षं शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं. परीक्षेला दप्तरात मंतरलेलं लिंबू घेऊन आलेल्या पोराचं लिंबू कापून मी सगळ्या वर्गाला सरबत पाजलेलं आहे. त्याची आई भांडायला आली, तर तिलाही अर्धा पेला दिला. आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव खाडीत सोडले, आणि बांधावरच्याला कोंबडं द्यायचं बंद केलं.

हा बांधावरचा म्हणजे एक दगड. बांधात जिथं पाणी आत-बाहेर सोडायची लाकडी झडप आहे, तिला आमच्याकडं उघाडी म्हणतात, तिच्या शेजारी तो शेंदूर फासून उभा आहे. त्याला नाव असणारच, पण कुणी घेत नाही. तो बांध राखतो, म्हणून वर्षातून एकदा त्याला कोंबडं आणि नारळ. आमच्या वस्तीनं ते थांबवलं तेव्हा गाव म्हणालं, आता बांध फुटणार. बांध काही फुटला नाही. माझे वडील हे दर पावसाळ्यानंतर मोठ्यानं बोलून दाखवायचे, बांधाकडे तोंड करून.

मिठागर ज्यांचं, त्या घरातले थोरले माझ्याहून सात वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणते. माझे आजोबा त्यांच्या वडिलांकडे कामाला होते. मीठ धरायच्या आधी वाफ्याची जमीन पायांनी तुडवून दगडासारखी करावी लागते, नाहीतर मिठात चिखल येतो. दहा-बारा माणसं ओळीनं उभी राहायची आणि एका तालात तुडवत पुढं सरकायची. थप, थप, थप. दादा तेव्हा मला 'ए पोरी' म्हणून हाक मारायचे. मी शिक्षिका झाले, त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, आणि एके दिवशी 'ए पोरी'चं 'बाई' झालं, 'तू'चं 'तुमी' झालं. कधी, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आणि मग एकाच हिवाळ्यात आम्हाला एकच आजार निघाला. मला छातीत, त्यांना पोटात. मुंबईचं हॉस्पिटल एक, वारही एक. दोघांना सहा-सहा किमो सांगितले, दर तीन आठवड्यांनी एक. माझी मुलगी नाशिकला, नोकरी आणि दोन लहान मुलांत अडकलेली. दादांचा धाकटा गाडीनं आम्हाला मोऱ्याच्या धक्क्यावर सोडायचा, तिथून लाँचनं भाऊचा धक्का, पुढं टॅक्सी. पुलावरून गाडीनं लवकर होतं, पण गाडीत मला उलटी होते.

दुसऱ्या वेळी हॉस्पिटलात एक तरुण मुलगी कागद घेऊन आली. म्हाताऱ्या पेशंटांना प्रश्न विचारत होती. "आजी, आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? शून्य ते दहा." मी म्हटलं, पाच लिही. ती म्हणाली, इतके कमी? म्हटलं, बाळ, मी जन्मात कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, स्वतःला कशी देऊ? दादांनी मात्र ताठ बसून सांगितलं, "धा." पुढं उमेद किती म्हणून विचारलं, तर तेही "धा. लिव की. शाई काय तुझ्या घरची हाय?" आणि श्रद्धा कशावर, म्हटल्यावर त्यांनी खिडकीतून समुद्रापलीकडे बोट केलं. "तो हाय ना, बांधावर." तिनं काय लिहिलं कोण जाणे. मी परतीच्या लाँचवर हसत होते, आणि दादाही माझ्याबरोबर हसत होते, कारण त्यांना कुणी हसलं तर राग यायचा नाही.

तिसऱ्या किमोपर्यंत माझं हसणं संपलं. तोंडात फोड, नखं काळी, भाताला चव नाही, आमटीला नाही. एकटीनं उठायचं, एकटीनं ओकायचं, एकटीनं पुसायचं. मरायची हौस नव्हती, पण जगायची घाईही उरली नव्हती. नोकरी केली, मुलगी शिकवली, घर बांधलं, पुरे झालं की. तिसऱ्या किमोहून परतताना लाँचवर मी दादांना सांगून टाकलं, "हा शेवटचा. पुढच्या वेळी तुम्ही एकटे या."

लाँच घारापुरीच्या बाजूनं वळली तेव्हा ते म्हणाले, "बाई, एक सांगायचं रायलं. मी कौल लावला व्हता. तुमचा आन माझा."

कौल म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. दगडाच्या उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशी दोन भिजवलेली फुलं चिकटवायची, माणसाचं काम सांगायचं आणि बघत उभं राहायचं. उजवं आधी पडलं तर काम होणार. डावं पडलं तर नाही.

"माझा उजवा पडला," ते म्हणाले.

"आणि माझा?"

त्यांनी कठड्याला धरून पाण्याकडे मान फिरवली. "डावा."

माझ्या अंगाची आग झाली. म्हटलं, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? माझ्या घरानं त्या दगडाला तीन पिढ्यांत कोंबडीचं पीस दिलं नाही, आणि तुम्ही माझ्यासाठी त्याच्यापुढं जाऊन उभे राहता? मला न विचारता?"

"इचारलं फकस्त. रागावू नका."

"रागावू नको तर काय आरती करू? आता ऐका. मी सहाच्या सहा किमो घेणार. बघते तुमचा दगड काय करतो ते."

"बगा," एवढंच म्हणाले.

बोलायला काय जातं. घरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी पलंगावर पडले होते आणि मागच्या बाजूनं आवाज आला. थप, थप, थप. आधी वाटलं यार्डात काही चाललंय. पण यंत्राचा आवाज वेगळा असतो. हा पायांचा होता, अनवाणी पायांचा, ओल्या चिखलावरचा, आणि एकाच माणसाचा नव्हता. ओळ होती. मी उठून दार उघडलं आणि आवाज थांबला. समोर नुसतं ऊन. कोरडे वाफे, एक बगळा नाही, एक कुत्रं नाही, आणि लांब उघाडीपाशी तो लाल ठिपका.

किमोनं कान वाजतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी स्वतःला तेच शिकवलं, मुलांना शिकवायचे तसं, पुन्हा पुन्हा. पण वाजणारे कान सगळा दिवस वाजतात. बाराला सुरू होऊन साडेबाराला थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी घड्याळ समोर ठेवून बसायला लागले. कुणाला सांगणार? जिनं गावभर लिंबं कापली तिनं? संध्याकाळी वंदनेला बसले की 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणताना निम्मं लक्ष मागच्या दाराकडे असायचं, आणि मला स्वतःची इतकी चीड यायची की पाठ असलेली गाथा मी मधेच विसरायचे.

एका दुपारी दार उघडलं तेव्हा जवळचा एक वाफा ओला दिसला. बाकी सगळे भेगाळलेले, आणि तो एकच गुळगुळीत, सारवल्यासारखा. भरती नव्हती, पाऊस नव्हता. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर इतरांसारख्याच त्यालाही भेगा होत्या. मी दाराला आतून कडी घातली. माझं डावं फूल पडलं होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती, हे आता कबूल करायला हरकत नाही. ज्यावर विश्वास नाही त्याचीही भीती वाटते. वाटते म्हणजे वाटते.

चौथ्या किमोला दादा धक्क्यावर आलेच नाहीत. धाकटा एकटाच गाडीपाशी उभा होता. "बाबा न्हाय म्हणतात, बाई. कालपासून सांगतोय, ऐकत न्हायत." मी एकटीनं जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या बरोबरचे बाबा कुठायत? त्यांची गाठ निम्मी झालीय, आता सोडायची वेळ नाही, त्यांना आणा.

चालता यायला लागलं तशी मी त्यांच्याकडे गेले. दादा पडवीत खाटेवर बसले होते. वहिनी दारातच रडवेल्या झाल्या. "तुमीच सांगा काय ते. म्हणतात, माझा उजवा पडलाय, मना दवाखान्याची काय गरज?"

मी दोन तास बोलले. गाठ निम्मी झालीय, म्हटलं. ते म्हणाले, झाली ना, त्यानंच केली. डॉक्टर बोलावतायत, म्हटलं. तर म्हणाले, डॉक्टर त्याच्यापेक्षा मोठा हाय का? पालथ्या घड्यावर पाणी. घरी येताना मला रडू येत होतं, रागानंही आणि आणखी कशानं तरीही. त्या लाँचवर ओकताना माझ्या पाठीवर हात ठेवून मला धरणारं दुसरं होतं कोण? हा माणूस एका फुलापायी मरणार होता.

मग मला कळलं की याच्यापुढं डॉक्टरचं काही चालणार नाही. कौल मोडायला कौलच हवा. मी जाऊन सांगायचं, दादा, तुमच्यासाठी मी पुन्हा विचारलं आणि डावा पडला, देवाचं मन बदललं, तेव्हा चला दवाखान्यात. खोटं बोल पण रेटून बोल. मात्र खोटं बोलणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर पकडत आले, आणि ती कशात सापडतात ते मला माहीत होतं. बारीकसारीक तपशिलात. दादा विचारणार, फूल कसलं, किती वेळ लागला, वारं होतं का. म्हणून फुलं खरोखरच लावून यायचं ठरवलं. पडो काहीही, मी डावंच सांगणार होते.

कौल लावतात ते दुपारी. मी टकलावर ओढणी बांधली, तगरीची दोन फुलं वाटीतल्या पाण्यात घातली आणि मागच्या दारानं निघाले. बाराला पाच कमी होते. मी बांधावर चढले आणि आवाज सुरू झाला, उजव्या हाताला, खाली वाफ्यांत. मी तिकडे पाहिलं नाही. बांध सरळ होता, नजर पायांपुढं ठेवली. मी चालत होते आणि तो आवाज माझ्या बरोबरीनं चालत होता. उघाडीपाशी पोचले आणि सगळं एकदम थांबलं. उघाडीच्या फळीमागे पाण्याचा टिप्पूस नव्हता, तरी आत कुणी चूळ भरावी तसा आवाज झाला.

सदुसष्ट वर्षांत मी त्या दगडाच्या इतक्या जवळ कधी गेले नव्हते. टळटळीत उन्हात तो ओला होता, आणि गार. उजव्या अंगाला एक फूल लावलं, डाव्या अंगाला एक. आता काहीतरी बोलायचं असतं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. दगडाशी बोलायची मला लाज वाटली. मी नुसती दोन पावलं मागं सरले.

वारं नव्हतं. तिवरांचं पानही हलत नव्हतं. डावं फूल निसटलं नाही, पडलं नाही. ते सावकाश खाली सरकलं, कुणी बोटानं ओढत न्यावं तसं, आणि दगडाच्या पायाशी येऊन थांबलं. उजवं होतं तिथंच राहिलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बरं झालं, आता खोटं बोलावं लागणार नाही. दुसरा विचार यायच्या आत पाठीमागे थप झालं. एकदाच. अगदी जवळ. मी मागं न बघता, जीव मुठीत धरून, बांधावरून तशीच पुढं गावात उतरले, घरी न जाता सरळ दादांच्या पडवीत.

मला धाप लागलेली बघून त्यांनी वहिनींना चहा ठेवायला आत पाठवलं. मी सगळं सांगितलं. कौल लावला, तगरीची फुलं होती, वारं नव्हतं, डावं पडलं. म्हटलं, "आता उजव्याच्या भरवशावर बसू नका. पुढच्या वेळी माझ्याबरोबर चला."

दादांनी, किती वर्षांनी कोण जाणे, मला 'तू' म्हटलं. "पोरी, माझा पहिल्यानदाबी डावाच पडला व्हता. उजवा तुझा व्हता."

"मग लाँचवर तसं का सांगितलंत?"

"तू औषध सोडायला निघाली व्हतीस. तुला कर म्हटलं तर तू करायची न्हायस. नको म्हटलं की मग कोन अडवतो तुला? तुझा बापूस तसाच, आजा तसाच. म्हणून उलटं सांगितलं. आन माझा डावा पडल्यावर मी कशाला सुया टोचून घेऊ? घरात रडारड नको, म्हणून हिला उजवा सांगितला."

मी ज्या रागावर चौथा किमो घेऊन आले होते तो राग या माणसानं मला बनवून दिला होता. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, दादा, गाठ निम्मी झालीय हो, डॉक्टर खोटं बोलत नाहीत, चला. त्यांनी एकदम मान वर करून विचारलं, "कौल लावताना नाव कुनाचं घेतलंस?"

मी त्यांचा हात सोडून ओढणीची गाठ सारखी केली.

"नाव घ्यावं लागतं. बिननावाचा कौल लावनाऱ्याच्याच माथी जातो." ते खाटेवरून अर्धवट उठले होते. "माझं नाव घेतलं नसलंस तर माझा दुसऱ्यानदा न्हाय पडला. मग मी परत इचारीन. उजवा पडला तर येतो तुझ्यासंगं. पन मग हा डावा तुझा हाय, पोरी."

त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ते मी इतक्या महिन्यांत त्या हॉस्पिटलात एकाही माणसाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. जगायचं होतं त्यांना. दहापैकी दहा. आणि माझ्याजवळ एक खरं वाक्य होतं: मी कुणाचंच नाव घेतलं नाही. ते बोलायला मला काहीच अडचण नसायला हवी होती. मी दगड मानत नाही, फूल मानत नाही. माझ्या माथी काही येणार नव्हतं.

"तुमचंच घेतलं," मी म्हटलं.

दादा खाली बसले. आणि हसले, अगदी मोकळे, ओझं उतरल्यासारखे. "बरं झालं. मी म्हटलं, तुझंच पडलं का काय."

ते धक्क्यावर पुन्हा आले नाहीत. मी विनवण्या केल्या, मुलांनी केल्या, डॉक्टरांशी फोन लावून दिला. ते प्रत्येकाला हसून नाही म्हणायचे. वैशाखात गेले, जेवायच्या वेळेला. मी सहाच्या सहा किमो पुरे केले, ऑपरेशन झालं, आता दोन वर्षं रिपोर्ट चांगले येतात. औषधानं बरी झाले, असं मी सगळ्यांना सांगते, आणि ते खरंच आहे. दादाही औषधानं कदाचित बरे झाले असते, हेही तितकंच खरं आहे.

तेराव्याला वहिनींनी मला मुद्दाम आत बोलावलं, शेजारी बसवलं, ताटात स्वतःच्या हातानं वाढलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुमचे लय उपकार झाले, बाई. शेवटपर्यंत शांत व्हते. म्हणायचे, बाईनं माझं नाव घेऊन इचारलं, आता मना कसली शंका रायली न्हाय."

मी हो म्हटलं आणि जेवले.